साध्या स्टार्टर कार्डावरून फोरजी कार्डावर जायचंय, कारखान्यात नेमकं काय बदलतं?

वाळूज_पॅनेल

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत आमचं लहान युनिट आहे. कृषिपंपाच्या स्टार्टर पेटीत बसणारं कंट्रोल कार्ड बनवतो. सिंगल फेजिंग (एक फेज जाणं), ड्राय रन (पाण्याविना मोटर चालणं), ओव्हरलोड आणि लाइन आली की टायमरने मोटर चालू, एवढंच त्याचं काम. महिन्याला ८०० च्या आसपास कार्डं जातात. सगळे पार्ट थ्रू-होल (पाय बोर्डाच्या भोकातून जाणारे), वेव्ह सोल्डरिंग (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून) घरचंच, ६३/३७ कथिल-शिशाचं पॉट. टेस्टिंग म्हणजे व्हेरिअॅक (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर), तीन बल्ब आणि पास-फेलचा शिक्का.

आता जालना, परभणी, बीडकडचे डीलर मोबाइलवर चालणारंच कार्ड मागायलेत. डिझाइन बाहेरून करून घेतलंय: ३२ बिट मायक्रोकंट्रोलर, फोरजी कॅट-१ मॉड्यूल, तीन सीटी (करंट मोजणारे छोटे ट्रान्सफॉर्मर), दोन रिले. नमुने टेबलावर व्यवस्थित चालतात. मला डिझाइनचं नाही, लाइनचं विचारायचंय. हेच कार्ड महिन्याला ८०० काढायचं तर काय काय बदलावं लागेल? एसएमटी मशीन (बोर्डाच्या पृष्ठभागावर बारीक पार्ट लावणारं) घ्यावं का जॉबवर्कला द्यावं? सगळे म्हणायलेत की एक मॉड्यूल तर वाढलं, त्यात काय. मला ते पटेना.

शेंद्रा_एसएमटी

पटत नाही तेच बरं. मशीनचं आधी मिटवू. तुमच्या कार्डावर समजा १२० एसएमडी (पृष्ठभागावर बसणारे) पार्ट आहेत. ८०० कार्डांचे झाले ९६,००० पार्ट. साधं पिक अँड प्लेस प्रत्यक्षात तासाला ६,००० लावतं असं धरलं तरी १६ तासांत काम संपलं. म्हणजे महिन्यातले दोन दिवस मशीन चालणार आणि बाकी दिवस हप्ता चालणार. जॉबवर्कला द्या. पण 'गर्बर (पीसीबीच्या फाइली) आणि बीओएम (पार्टची यादी) पाठवलं, आता तुमचं तुम्ही बघा' असं करू नका. पुढच्या गोष्टी ऑर्डरवर लेखी घाला.

ओलावा. ही फोरजी मॉड्यूल्स बहुतेक एमएसएल-३ (ओलावा किती सोसतं याची श्रेणी) असतात. सीलबंद पिशवी फोडल्यापासून ३०°से. आणि ६०% आर्द्रतेच्या आत १६८ तासांत ती रिफ्लोमधून (सोल्डर पेस्ट वितळवणाऱ्या भट्टीतून) निघाली पाहिजेत. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी असते पण शॉपमध्ये ३० च्या कितीतरी वर पारा. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० च्या पुढे. दोन्ही ऋतूंत १६८ तासांचा हिशोब लागू पडत नाही. उरलेला माल ड्राय कॅबिनेटमध्ये किंवा सिलिका जेल आणि ह्युमिडिटी कार्ड घालून पुन्हा सीलबंद ठेवायचा. वेळ उलटली असेल तर बेकिंग, साधारण १२०°से., तास डेटाशीटप्रमाणे. बेक करताना मॉड्यूल टेपमधून काढून उष्णता सोसणाऱ्या ट्रेमध्ये ठेवा, नाहीतर टेप वितळून सगळं चिकटतं. बेकिंग चुकलं तर मॉड्यूलच्या आतलं पीसीबी फुगतं. बाहेरून शील्डमुळे काही दिसत नाही, कार्ड टेस्टलाही पास होतं आणि दोन महिन्यांनी शेतात बंद पडतं.

स्टेन्सिल. म्हणजे सोल्डर पेस्ट छापायचा भोकांचा पत्रा. बारीक पार्टसाठी ०.१ ते ०.१२ मिमी जाडी पुरते. मॉड्यूलवाले मात्र जास्त जाडी मागतात, कारण एवढं मोठं मॉड्यूल पूर्ण सपाट नसतं. ०.१२ च्या स्टेन्सिलवर मॉड्यूलपुरता ०.१५ ते ०.१८ चा स्टेप (जाड भाग) घ्या. मॉड्यूलच्या पोटाखाली पॅड असतील तर पहिल्या लॉटमधली दोन-चार कार्डं एक्स-रे करून मागा. कडेचे जोड डोळ्यांना दिसतात, पोटाखालचे दिसत नाहीत.

रिफ्लो. एसएसी३०५ (शिसेविरहित) पेस्ट २१७°से. च्या आसपास वितळायला लागते. मॉड्यूलच्या शील्डवर आणि त्याच्या कोपऱ्यातल्या पॅडवर, दोन्हीकडे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून प्रोफाइल, म्हणजे तापमानाचा आलेख काढा. शिखर २३५ ते २४५ च्या दरम्यान हवं. मॉड्यूल उष्णता पिऊन घेतं. त्यामुळे बाजूचा रेझिस्टर २४५ ला असताना मॉड्यूलखालचा पॅड २२५ लाच राहतो आणि जोड कच्चा राहतो. दोन्ही बाजूंना एसएमडी असतील तर मॉड्यूलची बाजू शेवटी. उलटं टांगून ते पुन्हा भट्टीत जाता कामा नये.

अल्ट्रासॉनिक क्लीनिंग अजिबात नको, मॉड्यूलमधल्या क्रिस्टलला धोका असतो. नो-क्लीन फ्लक्स वापरा आणि सोडून द्या.

तुमचं वेव्ह पॉट आहे तसं चालेल, पण एका अटीवर: सगळे एसएमडी वरच्या बाजूला घ्या, खाली फक्त रिले, ट्रान्सफॉर्मर आणि टर्मिनलचे पाय. आणि पॅनेल (अनेक कार्डांचा एकत्र पीसीबी) हाताने मोडायची सवय असेल तर ती सोडा. व्ही-कटच्या (मोडायच्या खाचेच्या) जवळचे सिरॅमिक कपॅसिटर मोडताना तडकतात. तडा दिसत नाही, पुढे ओलावा शिरून तिथे शॉर्ट होतो. कडेपासून ५ मिमी आत ठेवा, नाहीतर कटर घ्या.

जिगवाला

शेंद्रावाल्यांनी सोल्डरिंगचं चोख सांगितलं. पण खरा बदल टेस्टिंगच्या टेबलावर आहे. तुमची जुनी कार्डं सगळी सारखी. शंभरातलं कुठलंही कुठेही बसवा. नवीन प्रत्येक कार्डाला स्वतःचा आयएमईआय (मॉड्यूलचा ओळख क्रमांक), सिमचा आयसीसीआयडी (सिमचा क्रमांक), कंट्रोलरचा युनिक आयडी, सर्व्हरला ओळख पटवणारी स्वतःची गुप्त किल्ली आणि स्वतःचे कॅलिब्रेशनचे आकडे आहेत. यातला एक जरी दुसऱ्या कार्डाशी अदलाबदल झाला तर गंगाखेडच्या शेतकऱ्याने बटण दाबल्यावर सेलूची मोटर चालू होईल. त्यामुळे हाताने वहीत लिहिणं पहिल्या दिवसापासून बंद.

जिग असं करा. १० मिमी ग्लास इपॉक्सीची प्लेट सीएनसीवर ड्रिल करून घ्या, त्यात पोगो पिन (स्प्रिंगच्या टेस्ट पिना), वर टॉगल क्लॅम्प. डिझाइनवाल्याला सांगून कार्डाच्या खालच्या बाजूला किमान १.५ मिमीचे टेस्ट पॅड काढून घ्या: सगळे सप्लाय, ग्राउंड चार ठिकाणी, प्रोग्रॅमिंगच्या तारा, मॉड्यूलचा यूएआरटी (सिरीयल डेटाच्या तारा), रिलेची ड्राइव्ह. हे पॅड नमुन्यावर नसतील तर आत्ताच पीसीबी बदला, नंतर नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी करंट लिमिट लावून सप्लाय द्यायचा, शॉर्ट असेल तर तिथेच थांबायचं. मग सप्लायचे व्होल्टेज मोजायचे. मग फर्मवेअर भरायचं. १ एमबीची फाइल ११५२०० बॉडने भरली तर दीड मिनिट जातं, ९२१६०० ने ११-१२ सेकंद. यूएआरटीच वापरायचा तर वेग वाढवून घ्या. मग आयडी सगळे सॉफ्टवेअरने वाचून डेटाबेसमध्ये. मग करंट कॅलिब्रेशन. ५ एचपीची मोटर ७-८ अँपिअर घेते, तेवढा करंट टेबलावर तयार करायची गरज नाही. २ अँपिअरची वायर सीटीतून पाच वेढे फिरवा, सीटीला १० अँपिअर दिसतात. दोन बिंदू घ्या, एक २ चा आणि एक १० चा, गेन आणि ऑफसेट दोन्ही साठवा. ड्राय रन ओळखणं पूर्णपणे करंटच्या घसरणीवर चालतं. इथे १०% चूक राहिली तर पाणी असताना मोटर ट्रिप होते आणि शिव्या तुम्हाला बसतात. मग रिले दोनदा चालू-बंद. सगळं पास झालं की शेवटी रीड प्रोटेक्शन (चिपमधलं फर्मवेअर वाचता न येण्याचं) लॉक आणि त्यानंतरच क्यूआर लेबल छापायचं. लेबल आधी छापून ठेवली की फेल झालेल्या कार्डाचं लेबल पुढच्या कार्डावर चिकटतं; हे हमखास होतं.

नेटवर्कला रजिस्टर होणं या टेबलावर ठेवू नका. कधी २० सेकंद लागतात, कधी दीड मिनिट, आणि माणूस बसून राहतो. ते बर्न-इन (कार्ड काही तास चालवून बघायच्या) रॅकवर घ्या. तिथे कार्डं चार-सहा तास चालूच असतात, सर्व्हरवर हजेरी लागली की पास.

आणखी दोन. कार्डावरचा तो छोटा यू.एफएल अँटेना कनेक्टर साधारण ३० वेळाच काढ-घाल सोसतो. जिगवर रोज तोच वापरला तर जिगची केबल दोन दिवसांत सैल होते आणि चांगली कार्डं सिग्नल कमी म्हणून फेल होतात. केबल खर्चाची वस्तू समजून बदलत राहा, किंवा आरएफ पोगो घ्या. आणि डेटा एक्सेलमध्ये ठेवू नका. एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करतं. १५ अंकी आयएमईआय कसाबसा वाचतो, १९-२० अंकी आयसीसीआयडीचे शेवटचे अंक गायब. साधं एसक्यूलाइट पुरेल. रकाने: कार्ड क्रमांक, पीसीबी लॉट, मॉड्यूलच्या रीलचा लॉट, तिन्ही आयडी, फर्मवेअर आवृत्ती, कॅलिब्रेशन, जिग क्रमांक, तारीख, निकाल. उद्या एखादी रील खराब निघाली तर ८०० ऐवजी त्या रीलची ९० कार्डंच परत बोलवावी लागतील.

नांदेड_फील्ड

टेबलावर चालतं आणि शेतात चालत नाही, याची कारणं बहुतेक ठरलेली आहेत.

पहिलं, सप्लाय. कॅट-१ मॉड्यूलला फोरजी मिळालं नाही की टूजीवर उतरतं (तुमच्या मॉड्यूलला टूजी असेल तर). टूजीत ते दर ४.६ मिलिसेकंदाला ०.५८ मिलिसेकंद जवळपास २ अँपिअर ओढतं. वाळूजमध्ये टॉवर उशाशी, तिथे मॉड्यूल कमी पॉवरवर बोलतं आणि करंटही कमी घेतं. कंधार-मुखेडच्या डोंगरात पूर्ण पॉवर लागते, व्होल्टेज ३.३ च्या खाली जातो आणि मॉड्यूल रिसेट होतं. शेतकरी म्हणतो रेंज असून चालत नाही. नमुन्यावर इलेक्ट्रॉनिक लोडने याच मापाचे २ अँपिअरचे पल्स द्या आणि मॉड्यूलच्या पिनपाशी स्कोप लावा. घसरण ३०० मिलिव्होल्टच्या आत पाहिजे. पिनजवळ लो-ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेला) कपॅसिटर ४७० ते १००० मायक्रोफॅरड आणि सोबत सिरॅमिक. खरेदीवाल्याने स्वस्त कपॅसिटर आणला की हीच चाचणी नापास होते, म्हणून ती प्रत्येक नवीन लॉटला करा.

दुसरं, दोन फेजवर चालणारा सप्लाय. रात्री लोड कमी झाला की फेज टू फेज ४८० पर्यंत जातो. ४४० ला रेक्टिफाय केल्यावर ६२२ व्होल्ट होतात, म्हणजे ४०० चा एक कपॅसिटर उडणारच. दोन सिरीजमध्ये आणि दोघांवर बॅलन्सिंग रेझिस्टर. फेजमधला एमओव्ही (जास्त व्होल्टेज शोषणारा पार्ट) २७५ चा नको, तो पहिल्याच रात्री जळेल. ५१० एसीचा, म्हणजे २०डी८२१ घ्या. कॉन्टॅक्टर कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ चा स्नबर (झटका शोषणारी जोडी), नाहीतर कॉन्टॅक्टर सुटला की कंट्रोलर हँग.

तिसरं, पेटी पत्र्याची असते. आत अँटेना ठेवला तर रेंज येणार नाही. एसएमए कनेक्टर, ३ मीटर केबल, अँटेना पेटीच्या वर. पाऊस केबलवरून घरंगळून कनेक्टरपर्यंत येतो, म्हणून केबलला खालच्या बाजूला एक वळसा ठेवा.

चौथं, मुंग्या आणि पाली. कार्डावर कोटिंग हवंच, पण मॉड्यूलचं शील्ड, सिम सॉकेट, अँटेना कनेक्टर आणि उघड्या रिलेवर मास्क लावून. शील्डच्या फटीतून कोटिंग आत गेलं तर मॉड्यूल बिघडतं. शक्य असेल तर सॉकेटवालं सिम सोडून सोल्डर होणारं ई-सिम घ्या. धूळ आणि गंज, दोन्ही प्रश्न मिटतात, आणि सिम काढून मोबाइलमध्ये घालायचा मोहही होत नाही.

वाळूज_पॅनेल

एवढं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं, धन्यवाद. जिगवाले दादा, किल्लीचं जरा उलगडून सांगा. डिझाइनवाल्याने सगळ्या कार्डांत एकच युजरनेम-पासवर्ड ठेवलाय. म्हणतो, सोपं पडतं.

फर्मवेअर_लातूर

त्याला सोपं पडतं, तुम्हाला नाही. एक कार्ड खोलून कुणी पासवर्ड काढला तर तुमच्या सगळ्या ग्राहकांच्या मोटरी त्याच्या हातात. प्रत्येक कार्डाची किल्ली वेगळी हवी, आणि ती कार्डातच तयार व्हावी. सिक्युअर एलिमेंटची (किल्ली जपणारी) छोटी चिप लावली तर खाजगी किल्ली तिच्याबाहेर येतच नाही. जिग फक्त सार्वजनिक भाग वाचून सर्टिफिकेट करून परत भरतं. जिगचा पीसी इंटरनेटला उघडा ठेवू नका, त्यावर पेनड्राइव्ह बंद करा. सर्टिफिकेटवर सही करणारी किल्ली त्या पीसीवर राहत असेल तर तोच पीसी तुमची तिजोरी आहे.

यातलं एक ठरलेलं दुखणं: कार्डात घड्याळ नसलं की चालू झाल्यावर तारीख १९७० ची असते, सर्टिफिकेट 'अजून लागू नाही' म्हणून जोडणी नाकारली जाते. आधी मॉड्यूलकडून नेटवर्कची वेळ घ्या, मगच टीएलएस (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी).

रीड प्रोटेक्शनचं. मायक्रोकंट्रोलर एसटीएम३२ असेल तर लेव्हल १ वर थांबा. लेव्हल २ एकदा लावली की मागे फिरता येत नाही. परत आलेलं कार्ड तुम्हालाही प्रोग्रॅमरने उघडता येत नाही.

शेंद्रा_एसएमटी

इथे माझं मत वेगळं. लेव्हल १ तोडायच्या युक्त्या लोकांना माहीत आहेत. कॉपी करणारे आपल्याच बाजारात बसलेत.

फर्मवेअर_लातूर

कॉपीची भीती असेल तर किल्ली सिक्युअर एलिमेंटमध्ये ठेवा, सर्व्हर नकली कार्डाला दारातही उभं करणार नाही. पहिल्या वर्षी वॉरंटीत परत येणारी कार्डं उघडून बघता येणं जास्त मोलाचं आहे. हार्डवेअरचा जम बसल्यावर लेव्हल २ बघू.

ओटीए अपडेटची (मोबाइल नेटवर्कवरून फर्मवेअर बदलायची) सोय मात्र पहिल्याच आवृत्तीत पाहिजे. फ्लॅशमध्ये दोन कप्पे, नवीन फर्मवेअर दुसऱ्या कप्प्यात उतरवायचं, तपासायचं, मगच त्यावर उडी. उडी मारून सर्व्हरशी बोलणं झालं नाही तर आपोआप जुन्यावर परत. शेतीच्या फीडरला थ्री फेज आठ-दहा तास, कधी दिवसा कधी रात्री. अपडेट मध्येच तुटणार हे गृहीत धरा आणि तुटलं तिथूनच पुढे उतरवा. मोटर चालू असताना उडी मारायची नाही. आधी ५% कार्डांवर, आठवडाभर बघून बाकीच्यांवर.

आणि पेटीवर 'रिमोट-बंद-लोकल' असा हार्डवेअरचा स्विच, जो रिलेची वायरच तोडतो. विहिरीवर माणूस पंपाला हात लावून बसलेला असताना घरून कुणी बटण दाबलं तर फर्मवेअरच्या भरवशावर राहता येत नाही.

आयटीआय_परभणी

मधेच विचारतो. कार्ड स्मार्ट झालं, पण लाइनवरच्या मशीनला सेन्सर लावून काही फायदा होतो का? का नुसतीच डॅशबोर्डची हौस?

शेंद्रा_एसएमटी

बरीचशी हौस. लहान युनिटला तीनच गोष्टी उपयोगाच्या. वेव्ह पॉटमध्ये के-टाइप थर्मोकपल, दर मिनिटाला नोंद, ठरवलेल्या तापमानापासून ५ अंश हललं की भोंगा. सोल्डर पेस्टच्या फ्रिजमध्ये तापमान, २ ते १० च्या बाहेर गेलं की मेसेज, कारण रविवारी लाइट जाते आणि सोमवारी कुणाला कळत नाही. आणि शॉपमध्ये आर्द्रता. कोरड्या दिवसांत ती ३०% च्या खाली गेली की स्टॅटिकचा धोका वाढतो, तेव्हा मनगटपट्टे रोज तपासायचे. या तिन्हींची नोंद कार्डाच्या डेटाबेसशी तारखेने जोडता आली पाहिजे. एवढं जमलं की मोठ्या एमईएसची (कारखान्याचं उत्पादन नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरची) गरज या आकाराला नाही. जॉबवर्कवाल्याकडून मात्र प्रत्येक लॉटची ओव्हन प्रोफाइल आणि स्टेन्सिल छपाईची तपासणी मागा; एसएमटीतले बहुतेक दोष छपाईतच जन्मतात.

वाळूज_पॅनेल

परवानग्यांचं? आणि शेवटचं, आमच्या गिऱ्हाइकाला अॅप नको, मिस कॉलवर मोटर चालू व्हावी असं म्हणायलेत.

जिगवाला

परवानग्या थोडक्यात. कार्डावर वाय-फाय किंवा ब्लूटूथ असेल तर डब्ल्यूपीसीचं (दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेचं) ईटीए, म्हणजे उपकरण मंजुरी, सरल संचार पोर्टलवर. मॉड्यूलचा आरएफ अहवाल पुरवठादाराकडून खरेदीआधीच मागून ठेवा. सिम असलेल्या उपकरणासाठी टीईसीच्या (दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राच्या) एमटीसीटीई, म्हणजे सक्तीच्या चाचणीच्या यादीत तुमचा प्रकार बसतो का ते तपासा. लिथियम सेल लावणार असाल तर तो बीआयएस नोंदणीचाच घ्या. आयएमईआय मॉड्यूलचा आहे तोच ठेवायचा. तो बदलणं २०१७ च्या नियमांपासून गुन्हा आहे. सिम एम२एम (यंत्रांसाठीच्या) प्रकारची, कंपनीच्या नावावर, १३ अंकी नंबरची घ्या.

नांदेड_फील्ड

मिस कॉलचं जपून. १३ अंकी एम२एम सिमवर सहसा फक्त डेटा, फार तर एसएमएस मिळतो; कॉलची सोय आहे का ते ऑपरेटरकडून लेखी घ्या. दुसरं, जिओला टूजी नाही, तिथे कॉल व्होल्टीवरच (फोरजीवरच्या व्हॉइसवरच) जातो. तुमच्या मॉड्यूलची व्हॉइसवाली आवृत्ती आहे का ते बघा. डेटा-ओन्ली आवृत्ती थोडी स्वस्त असते म्हणून तीच गळ्यात मारली जाते. व्हॉइस असली तरी ज्या ऑपरेटरचं सिम देणार त्याच्या नेटवर्कवर व्होल्टी चालू होतं का, हे प्रत्येक मॉड्यूल फर्मवेअर आवृत्तीला वेगळं तपासावं लागतं. मिस कॉल घेतलाच तर परवानगी असलेले नंबर पाच-सहाच ठेवा आणि मोटर चालू झाली की उलट एसएमएस पाठवा, म्हणजे कॉल लागला पण लाइनच नव्हती हे शेतकऱ्याला घरी बसून कळेल. बर्न-इन रॅकवर दर लॉटमधली पाच कार्डं खरा कॉल लावून तपासा, दोन वेगळ्या ऑपरेटरच्या फोनवरून.